लाटेची वीज, बेटाचे पाणी : राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची वाटचाल

महाड समुद्रापासून बरेच आत, सावित्री आणि गांधारीच्या संगमाशी वसलेले गाव. तरीही समुद्र इथे रोज दोनदा हजेरी लावतो. बाणकोटच्या खाडीत शिरलेली भरती दासगाव ओलांडून महाडपर्यंत चढते. याच भरतीवर पूर्वी गलबते महाडच्या बंदराला लागत आणि माल बैलांच्या पाठीवरून वरंध घाटाने, पारघाटाने देशावर जाई. भरतीची वेळ काढायला खाडीकाठच्या माणसाला छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झाले. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. थोडे मागेपुढे होते, खाडीत आत जाऊ तसा उशीर वाढतो, पण होडी सोडायला एवढा हिशेब पुरतो.

भरतीची दुसरी बाजूही महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना चांगली ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ ला महाड बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे दरडीखाली गेली. त्या दिवशी आषाढी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. महाबळेश्वराकडून येणारा लोंढा आणि खालून चढणारी भरती समोरासमोर आली की सावित्रीला उतरायला वाट राहत नाही.

समुद्राच्या या जोराची वीज करता येईल का, हा प्रश्न त्यामुळे इथल्या वाचकाला परका नाही. आपल्या देशात हा प्रश्न अंगावर घेऊन चाळीस वर्षे राबलेली मंडळी मात्र कोकणात नव्हती, ती होती चेन्नईत. आधी आयआयटी मद्रासमधला एक गट आणि मग त्यातूनच उभी राहिलेली राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘एनआयओटी’ म्हणतात. सरकारी पाठबळ मिळाले की काय उभे राहते आणि ते अर्ध्यावर थांबले की काय होते, या दोन्ही गोष्टी या संस्थेच्या इतिहासात शेजारी शेजारी सापडतात.

जन्माआधीची दहा वर्षे

१९७३ च्या तेलसंकटाने जगभरच्या सरकारांना समुद्राकडे बघायला लावले. ब्रिटनमध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या स्टीफन सॉल्टर यांनी लाटांवर डुलत वीज करणारे यंत्र मांडले, ते ‘सॉल्टरचे बदक’ म्हणून गाजले. जपानमध्ये योशिओ मासुदा यांनी त्याच्याही आधी लाटांवर चालणारे दिव्यांचे तरंडे समुद्रात सोडले होते.

दिल्लीत हालचाल सुरू झाली ती १९८१ मध्ये. त्या मार्चमध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला गेला आणि जुलैमध्ये महासागर विकास विभाग स्थापन झाला. पुढच्याच वर्षी अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते निघाले. वारा, सूर्य आणि गोबर गॅस या नव्या खात्याकडे गेले. लाटा मात्र समुद्राच्या म्हणून महासागर विभागाच्या वाट्याला आल्या. तेव्हा ही वाटणी कारकुनी वाटली असेल, पण पुढच्या सगळ्या कथेवर तिची छाप आहे. वीज खपवायचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्या घरात लाटा वाढल्याच नाहीत.

महासागर विभागाने आयआयटी मद्रासच्या लहर ऊर्जा गटाला पैसा दिला. त्या गटाचे प्रमुख प्रा. एम. रवींद्रन. प्रयोगशाळेतल्या हौदात नमुने तपासून झाल्यावर खऱ्या समुद्रासाठी जागा निवडली ती केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम या मासेमारी बंदराची. तिथे लाटा अडवणारा बांध आधीच होता आणि पाणी किनाऱ्यालगतच खोल होते.

विळिंजमची पेटी

डिसेंबर १९९० मध्ये सुमारे ३,००० टन वजनाची काँक्रीटची एक पोकळ पेटी ओढत नेऊन बांधापासून थोड्या अंतरावर, दहाएक मीटर पाण्यात तळाला बसवली गेली. ऑक्टोबर १९९१ मध्ये तिच्यातून वीज निघू लागली. क्षमता १५० किलोवॉट. लाटांवर चालणारी इतकी मोठी वीजयंत्रणा तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच ठिकाणी होती.

रचना समजायला सोपी आहे. पेटीची समुद्राकडची बाजू पाण्याखाली उघडी. लाट आली की आतले पाणी वर चढते आणि त्याच्यावरची कोंडलेली हवा घुमटातून वर ढकलली जाते. घुमट वर निमुळता होत जातो, त्यामुळे हवेचा वेग वाढतो आणि तोंडाशी बसवलेले पाते फिरते. लाट ओसरली की हवा उलटी आत खेचली जाते. एकदा हवा बाहेर, एकदा आत, मग पाते उलटसुलट फिरायला हवे. पण इथे बेलफास्टच्या प्रा. ॲलन वेल्स यांनी शोधलेली टर्बाइन वापरली होती. हवा कुठूनही येवो, ती एकाच दिशेने फिरते. पाण्यात बुडालेला हलता भाग एकही नाही, हे या रचनेचे मोठे बलस्थान.

दुखणी वेगळीच निघाली. लाटा मंद असल्या की वेल्सची टर्बाइन आपली आपण वेग धरत नाही. अशा वेळी जनित्र वीज द्यायचे सोडून वीजजाळ्यातूनच वीज ओढायला लागते. एप्रिल ते नोव्हेंबर सरासरी ७५ किलोवॉटच्या आसपास आणि डिसेंबर ते मार्च २५ किलोवॉटच्या आसपास, असा हिशेब पुढे मांडला गेला. म्हणजे पाटीवर १५० किलोवॉट असले तरी चांगल्या दिवसांत त्याच्या निम्मे आणि उरलेल्या महिन्यांत सहावा हिस्सा. गटाने मग वेगळ्या धाटणीच्या, मंद हवेतही सुरू होणाऱ्या टर्बाइन बसवून पाहिल्या. या कामात जपानच्या सागा विद्यापीठातल्या संशोधकांशी जोडणी झाली आणि विळिंजमचे आकडे जगभरच्या शोधनिबंधांत पोचले.

संस्था उभी राहते

नोव्हेंबर १९९३ मध्ये महासागर विकास विभागाच्या छत्राखाली एनआयओटी ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. रवींद्रन पहिले संचालक झाले. सुरुवातीचा संसार आयआयटीच्याच आवारात होता. पुढे पळ्ळिकरणै इथे स्वतःची वास्तू झाली. समुद्रातल्या कामासाठी लागणारी यंत्रे देशातच घडवायची, हा संस्थेचा हेतू. लाटांची वीज हे त्यातले एक काम, एकमेव नव्हे.

पहिली मोठी झेप समुद्राच्या उष्णतेवर होती. उष्ण कटिबंधात पृष्ठभागाचे पाणी २८ अंशांच्या आसपास असते आणि हजार मीटर खाली ते ७-८ अंशांवर उतरते. या फरकावर अमोनियासारखा लवकर उकळणारा द्रव आळीपाळीने वाफ आणि पुन्हा द्रव करत टर्बाइन फिरवता येते. फायदा असा की ही वीज रात्रंदिवस, बारा महिने मिळते. संस्थेने ‘सागर शक्ती’ नावाचा तराफा बांधून तुतिकोरिनसमोर १ मेगावॉटचा प्रयोग आखला. त्यासाठी सुमारे एक किलोमीटर लांबीची नळी खोल समुद्रात उभी सोडायची होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तिच्यासाठी दोनदा कंबर कसली गेली. दोन्ही वेळा नळीने दगा दिला.

स्मरणिकांमध्ये अशा प्रसंगांवरून लेखणी सहसा हलकेच पुढे सरकते. इथे तसे करून चालणार नाही, कारण संस्थेचे सर्वांत यशस्वी काम याच अपयशातून निघाले.

कवरत्तीचा गोडा घोट

थंड पाणी वर आणण्याची हिकमत हाती होती. तिच्यातून वीज निघत नसेल, तर दुसरे काही निघेल का? लक्षद्वीपच्या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. प्रवाळाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, तोही उपशाने मचूळ होत चाललेला. मे २००५ मध्ये कवरत्तीला संस्थेने दिवसाला १ लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प सुरू केला.

त्याचे काम जवळून बघण्यासारखे आहे. पृष्ठभागाचे कोमट पाणी एका मोठ्या बंद भांड्यात सोडतात. त्या भांड्यातली हवा इतकी ओढून घेतलेली असते, की २६-२७ अंशांनाच पाणी उकळू लागते. विस्तव नाही, तरी वाफ. मीठ मागे राहते. ती वाफ शेजारच्या भांड्यात जाते. तिथल्या नळ्यांतून साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेले १२-१३ अंशांचे पाणी फिरत असते. नळ्यांवर वाफेचे थेंब होतात आणि तेच पिण्याचे पाणी. कवरत्तीच्या किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, म्हणून सहाशे मीटरच्या आसपासची नळी पुरली.

बेटावर हे पाणी नळाने पोचले आणि प्रकल्प टिकला. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला तसेच प्रकल्प झाले. ‘सागर शक्ती’चा तराफाही वाया गेला नाही, २००७ मध्ये तोच चेन्नईसमोर नेऊन दिवसाला १० लाख लिटर पाण्याचा प्रयोग पार पडला. नंतर आणखी सहा बेटांसाठी दिवसाला दीड लाख लिटरचे प्रकल्प मंजूर झाले. त्यांपैकी कदमतचा प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला.

विळिंजमला मात्र असा ग्राहक कधी लाभला नाही. तिथली वीज केरळच्या जाळ्यात जाई, पण ती महाग की स्वस्त, हे ठरवायला दरच नव्हता. २००४ च्या सुमारास त्या विजेवर समुद्राचे पाणी गोडे करण्याची यंत्रणा चालवून दाखवली गेली. दिवसाला १०,००० लिटर. पुढे पेटीचे काम थांबले. आज विळिंजम म्हटले की लोकांना मे २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झालेले भले मोठे कंटेनर बंदर आठवते.

अंदाजाचे तरंडे

१९९६ पासून संस्थेने खोल समुद्रात नांगरलेले तरंडे सोडायला सुरुवात केली. वारा, लाटांची उंची, पाण्याचे तापमान, हवेचा दाब असे आकडे ते उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतात. हैदराबादचे महासागर माहिती केंद्र आणि हवामान खाते ते आपल्या अंदाजांत वापरतात. २००४ च्या त्सुनामीनंतर समुद्रतळाशी पाण्याचा दाब मोजणारी यंत्रेही या जाळ्यात आली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि आत महाड-पोलादपूरपर्यंत छपरे उडवून गेले. अरबी समुद्रातली अशी वादळे दूर असतानाच ओळखायची तर समुद्रावरच्या नोंदींना पर्याय नाही.

या तरंड्यांमधूनच लाटांच्या विजेला एक छोटा, पण खरा उपयोग सापडला. बंदराच्या वाटेवर जहाजांना दिशा दाखवणारे दिवे बॅटरीवर चालतात आणि त्या बदलायला बोट न्यावी लागते. संस्थेने लाटांवर स्वतःची वीज स्वतःच करणारा दिव्याचा तरंडा तयार केला आणि चेन्नईजवळच्या कामराजर बंदराच्या हद्दीत सोडला. काही मोजके वॉट, पण ज्याला ते हवे आहेत तो जागेवरच उभा आहे.

घाटावरचा वारा आणि घाटाखालची लाट

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरावरून साताऱ्याकडे उतरले, की चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग दिसते. वाऱ्याची सुरुवातही लाटांसारखीच झाली होती. १९८६ मध्ये देशातले पहिले वारा-प्रकल्प उभे राहिले त्यांत गुजरातेतल्या ओख्याबरोबर आपली रत्नागिरीही होती. ५५ किलोवॉटच्या त्या पवनचक्क्या विळिंजमच्या पेटीहूनही लहान. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे आजची ‘महाऊर्जा’, याच सुमाराची. स्थापना १९८५ ची.

पुढे वाटा फुटल्या. वाऱ्याला वेगवान घसाऱ्याची करसवलत मिळाली. राज्याने धोरण आखले. २४ नोव्हेंबर २००३ ला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वाऱ्याच्या विजेचा तेरा वर्षांचा दर ठरवून दिला : पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरसाल १५ पैशांची वाढ. पैसा घालणाऱ्याला तेरा वर्षांचा हिशेब कागदावर मांडता आला. लाटांना यंत्र बांधायला अनुदान मिळाले, मोजमापाला मिळाले, दर मात्र मिळाला नाही. एका यंत्रानंतर दुसरे यंत्र कोणी मागितलेच नाही, म्हणून पहिल्याच्या चुका दुरुस्त करून दुसरे स्वस्तात बांधण्याची वेळ आली नाही.

भरतीच्या विजेची गत याहून वेगळी नव्हती. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प आखला गेला; खर्चाचा अंदाज २३८ कोटी रुपये. कच्छच्या आखातात ५० मेगावॉटचा बेत होता. अंदाज ७५० कोटी. मेगावॉटमागे अनुक्रमे ६३ आणि १५ कोटी पडत होते. दोन्ही बेत खर्चापायी सोडून दिले गेले. २०१४ मध्ये आयआयटी मद्रास आणि क्रिसिल यांच्या अभ्यासाने भरतीची सैद्धांतिक क्षमता १२,४५५ मेगावॉट आणि लाटांची ४१,३०० मेगावॉट अशी मांडली. आकडे डोळ्यांत भरणारे, पण ते समुद्रात किती आहे ते सांगतात. परवडेल असे किती, हे सांगत नाहीत.

२२ ऑगस्ट २०१९ ला नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा असल्याचे जाहीर केले. वीज कंपन्यांवर ठरावीक हिस्सा हरित वीज घेण्याचे जे बंधन आहे, त्यात आता लाटांची वीज मोजता येते. १९८२ च्या वाटणीची सल इथे सदतीस वर्षांनी निघाली. तरी सौर विजेशी त्याच रांगेत उभे राहून भावात टक्कर द्यायची, तर लाटांची वीज आज टिकत नाही. ब्रिटनने यावर वेगळा उपाय केला : २०२१ मध्ये भरतीच्या प्रवाहाच्या विजेसाठी वर्षाला २ कोटी पौंडांचा वाटा लिलावात बाजूला काढून ठेवला आणि पुढच्याच वर्षी सुमारे ४० मेगावॉटचे करार झाले. पण नुसता पैसा ओतून भागत नाही, हेही तिथेच दिसले. लाटांवर काम करणारी स्कॉटलंडची पेलॅमिस कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

कोकणच्या समुद्राचे गणित

मग सावित्रीच्या खाडीवर बांध घालून वीज का करू नये? भरतीची ऊर्जा पाण्याच्या चढउताराच्या वर्गाने वाढते. १९६६ पासून चालणारे फ्रान्समधले २४० मेगावॉटचे ला रान्स केंद्र जिथे आहे तिथे सरासरी चढउतार आठ मीटरांचा. मुंबईला मोठ्या उधाणातही पाणी पाच मीटरांच्या आतबाहेर राहते आणि दक्षिणेकडे ते कमी होत जाते. शिवाय खाडीचे तोंड अडवले, तर पावसाळ्यात महाडच्या पुराचे पाणी कुठे काढायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

लाटांची बाजू थोडी उजवी आहे. जून ते सप्टेंबर कोकणचा समुद्र खवळलेला असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत ढगांमुळे सौर वीज घटते. महाड औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने पावसाळ्यातही चालू असतात. अडचण अशी की वारादेखील याच महिन्यांत जोरात असतो आणि तो घाटावर, कोरड्या जमिनीवर, तयार दराने मिळतो. लाटांवरचे यंत्र बिघडले तर मात्र तिथवर जायचे कसे? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. ज्या दिवसांत यंत्राने सर्वाधिक कमवायचे, त्याच दिवसांत त्याच्याजवळ माणूस पोचू शकत नाही. म्हणूनच आताचे नवे प्रयत्न उघड्या समुद्राऐवजी बांध, धक्के, जेट्ट्या यांच्या कडेला यंत्रे टांगण्याकडे झुकले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत पेट्रोलियम आणि इस्रायलची इको वेव्ह पॉवर यांच्यात मुंबईतल्या तेलधक्क्यावर १०० किलोवॉटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार झाला. काही बातम्यांनी त्याला देशातला पहिला लाट-प्रकल्प ठरवून टाकले. विळिंजमला त्याच्या तेहेतीस वर्षे आधीच वीज निघाली होती.

सध्या हातात असलेले काम

जून २०२१ मध्ये केंद्राने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी याच मोहिमेतली, आणि ती एनआयओटीत घडते आहे. वृत्तपत्रांत तिचाच बोलबाला जास्त. मोहिमेचा आणखी एक भाग समुद्रातून ऊर्जा आणि गोडे पाणी मिळवण्याचा आहे. लक्षद्वीपचे पाण्याचे पंप आजवर बेटावरच्या विजेवर चालत आले, आणि ती मुख्यतः मुख्य भूमीवरून जहाजाने आणलेल्या डिझेलवर होते. म्हणून कवरत्तीला समुद्राच्या उष्णतेवर चालणारे ६५ किलोवॉटचे केंद्र उभारायचे काम संस्थेने हाती घेतले. तुतिकोरिनला हुकलेल्या १ मेगावॉटच्या तुलनेत हा आकडा पंधरावा हिस्सा आहे, पण या वेळी ग्राहक ठरलेला आहे : दिवसाला १ लाख लिटर गोडे पाणी देणाऱ्या प्रकल्पाचे पंप. तिथे युनिटचा खर्च सौर विजेशी ताडून पाहायचा नाही. डिझेल बेटावर उतरवल्यावर जो पडतो, त्याच्याशी तो ताडायचा आहे. संस्थेच्या अभियंत्यांना अशा हिशेबात उतरायची संधी विळिंजमला मिळाली नव्हती.